फाटकापर्यंतचे ड्रायव्हर

जालिंदर आप्पांच्या घरी माणसं कोयत्यावर मोजायची. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा बाप्या म्हणजे अर्धा, एकटी बाई म्हणजे अर्धा. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. बैलगाडीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं आणि गाडीमागे बांधलेली शेळी. तीन मुक्काम करत कारखाना गाठायचा, पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची आणि पुढचे सहा महिने ऊस तोडायचा. आप्पांचा जन्म कोपीतला. त्यांच्या दोन्ही पोरांचाही कोपीतलाच. आप्पांची शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा अर्ध्या-अर्ध्या वर्षाची, कारण दसऱ्यानंतर पाटी गावात आणि आप्पा उसात. यातून सुटायचं म्हणून ते ‘दुबईला’ आले. दुबई म्हणून त्यांना जिथे उतरवलं तिथे नजर जाईल तिथवर वाळू होती आणि तिच्याभोवती तारेचं कुंपण होतं.

मी त्यांना तिथेच भेटलो, शहाण्णव साली. मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. हे मी कुणी न विचारताही सांगतो. माझे वडील आडतीवर पोती उचलायचे आणि आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, म्हणून ती अक्षरं मला नावाइतकीच जवळची आहेत. दुबईच्या पुढच्या उम्म अल कुवैनहून आत वळलं की काही वेळाने डांबरी रस्ता संपतो, मग खडीचा सुरू होतो, मग तोही संपतो. तिथे वाळूच्या टेकड्यांचं एक राखीव रान होतं. हरणं, ओरिक्स नावाचे लांब सरळ शिंगांचे पांढरे प्राणी आणि घाफची झाडं. झाडांची नि जनावरांची वहीत नोंद ठेवायला कंपनीला पदवीधर हवा होता. जाहिरातीत ‘नेचर’ असा शब्द होता. मला वाटलं, जंगल असेल.

कंपनीच्या गाडीने मला फाटकाबाहेर उतरवलं आणि ती धुरळा उडवत निघून गेली. फाटकावर गुल खान नावाचा पठाण राखणदार खुर्ची टाकून बसला होता. थोड्या वेळाने समोरच्या टेकडीवरून एक पिकअप अशी उतरली की जणू कुणी तिला हाताला धरून खाली आणत होतं. फाटकात जमिनीवर लोखंडी नळ्यांची जाळी होती, जनावरं बाहेर जाऊ नयेत म्हणून. त्या जाळीच्या हातभर आधी, आतल्या बाजूलाच, गाडी आपसूक थांबली. आतून पन्नाशीकडे झुकलेला, काटक, काळा माणूस उतरला. डोक्याला अरबी रुमाल, पण बांधलेला फेट्यासारखा.

“मराठी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“शिकल्याला दिसतो.”

“बी.एस्सी.”

“मग हितं कशाला आला?”

मी सामानाकडे वळलो. माझी ट्रंक जाळीच्या बाहेरच्या बाजूला पडली होती. मी म्हटलं, गाडी जरा पुढे घ्या. ते हलले नाहीत. “ट्रंक तूच अलीकडं आण. म्या फाटकापर्यंतचा ड्रायव्हर हाय.”

कुंपणाच्या आत कंपनीची जमीन. तिथे लायसन्स कुणी विचारत नाही. जाळीच्या पलीकडे रस्ता सरकारचा आणि आप्पांजवळ लायसन्स नाही. व्हिसावर ‘मजूर’ असं लिहिलेलं, पगार मजुराचा, आणि दिवसभर काम मात्र ड्रायव्हरचं. पाण्याची टाकी नि चाऱ्याचे गठ्ठे घेऊन टेकड्यांमधल्या नऊ हौदांवर रोज फिरायचं. मी आल्यावरची पहिली दोन वर्षं जाळीच्या पलीकडे ते जाताना एकतर बसमध्ये मागच्या बाकावर असायचे, नाहीतर चालत.

आमची खोली म्हणजे एक पत्र्याची केबिन होती. आप्पा रोज सकाळी उठून तिचा उंबरा झाडायचे. समोर वाळू, मागे वाळू, आणि हा माणूस पायरीवरची ओंजळभर वाळू झाडून बाजूला करतोय. मी एकदा हसलो. ते म्हणाले, “हिला आपली वळख ऱ्हात न्हाय, बीएस्सी. रोज नव्यानं सांगावं लागतंय की हितं माणूस ऱ्हातो.” पहिल्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. ‘बीएस्सी’ हेच माझं नाव. त्यात टोमणा होता आणि मानही होता, आणि कुठल्या वेळी कुठला, हे ओळखायला मला वर्ष लागलं.

मी वहीत जनावरांना नंबर द्यायचो. आप्पांनी त्यांना गावची माणसं वाटून दिली होती. सगळ्यात मोठ्या ओरिक्सचं नाव मुकादम. “शिंगं दाखवतो, काम करत न्हाय, आन् पाण्याला पयला.” एक म्हातारी हरणी होती, तिचं नाव पोस्टमास्तर, कारण ती दिसायची कधीतरीच आणि दिसली की सगळे तिच्याकडे बघायचे. आमचे मॅनेजर फारूकसाहेब सुदानी होते, उंच, अदबशीर, थोडी हिंदी शिकलेले. आप्पांना ते ‘जलाल’ म्हणायचे. त्यांनी एकदा मला विचारलं, नंबर चौदा कुठे दिसला? मी वही चाळत राहिलो. आप्पा म्हणाले, “मुकादम तिसऱ्या हौदावर हाय, पाय दुखवलाय त्येनं.” ते बरोबर होतं. त्या दिवशी माझी पदवी मला जरा हलकी वाटली.

आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. पंधरा दिवसांनी एका शुक्रवारी बस शारजाला रोल्लाच्या चौकात न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. बाकीची माणसं आदल्या दिवशीच कपडे धुऊन तयार. आप्पा चार वेळांतून एकदा जायचे. “गेलं काय न् न गेलं काय, सांजंला मोजून परत आत आणून सोडत्यात. मुकादमाला बी असंच मोजत्यात.”

त्यांचं गाडी चालवणं मात्र बघण्यासारखं. आधी चारही टायरमधली हवा अर्धी सोडायची. मग दुसरा गिअर. चढावर ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. माथ्यावर पोचलं की पाय उचलायचा, गाडी क्षणभर लोंबकळते, मग आपल्याच वजनाने पलीकडे उतरते. थांबायचं असलं की नाक उताराकडे करायचं आणि पाय काढून घ्यायचा. चालवताना ते गाडीशी बोलायचे, बैलांशी बोलतात तसं. “हां, हां, सरक. थोडं ऱ्हायलं.” शहरातून लायसन्सवाले दोन ड्रायव्हर कंपनीने पाठवले होते. एक दुसऱ्या हौदावर अडकला, दुसरा पहिल्यावरच. दोघांना आप्पांनी दोर लावून ओढून काढलं.

आणि हाच माणूस रोड टेस्टला सात वेळा नापास झाला होता.

लायसन्सची फाइल उघडायचं पत्र फारूकसाहेबांनी खुशीने दिलं होतं. तारीख मिळायला दीड-दोन महिने जायचे. त्या दिवशी सुट्टी, बसमधून शहरात, मग उस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, गाडीत अर्धा तास सराव, मग पोलिसाशेजारी बसून पाच मिनिटांची टेस्ट. पोलीस म्हणायचा यमीन, म्हणजे उजवीकडे, यसार, म्हणजे डावीकडे, आणि मग म्हणायचा, “खलास. नेक्स्ट.” कारण कुणी सांगायचं नाही. कागदावर अरबीत एक ओळ. संध्याकाळी आप्पा परत यायचे, उंबरा झाडायचे आणि पिकअप घेऊन हौदांवर जायचे.

“कशाला एवढा जीव टाकताय?” मी पाचव्या की सहाव्या वेळेनंतर विचारलं. “आत तर चालवताच.”

“लायसन आलं की कागदावर ड्रायव्हर होतो. ड्रायव्हरचा पगार दुप्पट. मग शांताचा कोयता सुटंल.”

आप्पा इकडे आल्यावर त्यांची बायको, शांताबाई, घरी अर्धा कोयता उरल्या होत्या. मग त्यांनी आपल्या भावाबरोबर जोडी केली आणि दसऱ्यानंतर टोळीबरोबर जात राहिल्या. मजुराच्या पगारावर म्हातारे सासू-सासरे आणि दोन पोरांची शाळा एवढंच कसंबसं भागायचं. पोरं आता आजोबांजवळ गावातच राहून शिकत होती, आणि त्यासाठी आई उसात. आप्पांना दुसरं काही नको होतं. हे एवढंच.

दसरा आला की त्यांचं बिनसायचं. पहिल्या वर्षी मी उत्साहाने सांगायला गेलो, की आप्पा, हे घाफचं झाड म्हणजे आपली शमी बरं का, वनस्पतिशास्त्रात एकच नाव आहे. मला वाटलं त्यांना आनंद होईल, पूजा करतील. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “हितं बी हाय व्हय ही.” आणि पाठ फिरवून गाडीकडे गेले. मला नंतर कळलं. त्यांच्या गावात शमी पुजली की दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपायच्या.

हिवाळ्यात शुक्रवारी परवाना काढून लोक वाळू बघायला यायचे. शाळा, गोऱ्या साहेबांचे क्लब, कधी आपली माणसं. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत शारजाची चार-पाच मराठी कुटुंबं आली. थालीपीठं, लोणचं, थर्मासमध्ये चहा. मुलं गाडीतून उतरेनात. “आई, देअर्स नथिंग हिअर.” आई म्हणाली, “अरे, शांतता आहे, ती बघ.” एक गृहस्थ माथ्यावर चढून दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि खाली येऊन आप्पांना म्हणाले, “नशीबवान आहात हो. आम्ही फ्लॅटमध्ये कोंडलेलो.”

“मग बदली करू,” आप्पा म्हणाले. “तुमची किल्ली द्या.”

त्या लोकांत प्रभाताई होत्या. रोल्लाजवळ त्यांचा मसाल्यांचा आणि डब्यांचा धंदा होता. स्वतः व्हॅन चालवायच्या, स्वतः पाचव्या टेस्टला पास झालेल्या, आणि ते चारचौघांत सांगायला त्यांना लाज नव्हती. त्या पिकअपमध्ये पुढे बसल्या, मी मध्ये. तीन हौद झाले. त्यांची नजर टेकड्यांवर नव्हती, खाली आप्पांच्या पायांवर होती.

“आप्पा, एक विचारू? तुमचा पाय ब्रेकवर मी अजून पाहिला नाही.”

“वाळूत ब्रेक मारला की चाक पुरलंच, ताई. पाय उचलायचा. गाडी आपसूक उभी ऱ्हाती.”

“आणि टेस्टला?”

“थितं बी उचलतो की. सिग्नलच्या आधी धा-वीस पावलं.”

“आणि गाडी थांबली नाही तर?”

“त्यो पोलीस दाबतो न्हवं. त्येच्याकडं बी एक ब्रेक असतो. उस्ताद बी त्योच दाबतो.”

प्रभाताईंनी कपाळावर हात ठेवला. “अहो आप्पा. तो तुम्हाला नापास करताना दाबतो.”

गाडी पुढचा माथा ओलांडून उतरली. मग आप्पा हळू म्हणाले, “मला वाटलं, ते त्येचं काम हाय.” पुढे म्हणाले, “बैलगाडी आमची अशीच. हाकायची म्या. चढाला गाडी मागं सरू नये म्हणून चाकाला दगडाची उटी शांता लावायची.”

मी बी.एस्सी. झालेला माणूस. दीड वर्ष त्यांना सिग्नलची चित्रं पाठ करून घेत होतो, वाहतुकीचे नियम शिकवत होतो. रोज त्यांच्या शेजारी बसत होतो. मला हे एकदाही दिसलं नव्हतं.

निघताना प्रभाताई म्हणाल्या, “लायसन्स काढा. माझ्या व्हॅनला माणूस हवाय. रोल्लात राहाल, माणसांत याल.” आप्पांनी मान हलवली, पण मला दिसलं की ‘माणसांत याल’ हे त्यांनी ऐकून खिशात ठेवल्यासारखं ठेवलंय.

मग आमचा रस्ता तयार झाला. पाचव्या आणि सहाव्या हौदाच्या मध्ये एक कडक, सपाट, खडेवाली जागा होती. मी चुना आणला आणि तिथे पट्टे मारले. मधे झेब्रा क्रॉसिंग, टोकाला रिकाम्या ड्रमांचा गोल चौक, थांबायची पांढरी रेघ. सिग्नल म्हणजे मी. उजवा हात वर केला की लाल, खाली केला की हिरवा. काम संपल्यावर रोज अर्धा तास. टायरमध्ये हवा भरायची, सराव करायचा, हवा पुन्हा सोडायची.

सुरुवातीला ते माझ्या अंगावरच यायचे. लाल हात पाहून पाय उचलायचे आणि गाडी हळूहळू, अगदी शांतपणे, मला येऊन टेकायची. “आप्पा, ब्रेक.” “लागंल की आता थांबायला.” “ब्रेक दाबा.” “पाय जात न्हाय रं तिकडं.” खरंच जात नव्हता. पाय हवेत अडकायचा. मी विचारलं, भीती वाटते का? ते म्हणाले, “भ्या न्हाय. सवं न्हाय.” महिन्याभराने एकदा ते रेघेवर थांबले. गचकन, टाकीतलं पाणी टपावरून पुढच्या काचेवर आलं. काच पुसायच्या आधी ते उतरले आणि रेघ नि चाक यांच्यातलं अंतर बोटांनी मोजून आले. गुल खान फाटकावरून यायचा, बघायचा आणि पश्तोत काहीतरी म्हणायचा. एकदा आपण होऊन पादचारी म्हणून झेब्रावरून चालत गेला, छाती काढून, एखाद्या शेखासारखा.

मे महिन्यात आप्पा वाळूत अडकले. मी बरोबर होतो. सकाळचे दहा वाजले असतील. सातव्या हौदाच्या अलीकडची टेकडी, ते तिथून डोळे झाकून जायचे. माथ्यावर एक हरीण आडवं आलं आणि त्यांनी ब्रेक मारला. मागची चाकं वाळूत गेली, नाक वर राहिलं, गाडी पोटावर बसली. दोघांनी फावड्याने वाळू काढली. जेवढी काढली तेवढी वरून आली. चाकांखाली पत्रे सरकवले, ते गिळले गेले. साडेअकराला आप्पा म्हणाले, आता बस. फोन नव्हता, वायरलेस फारूकसाहेबांच्या गाडीत, आणि संध्याकाळच्या हजेरीपर्यंत आमची आठवण कुणाला येणार नव्हती. टाकीत पाणी उरलेलं होतं, एवढं बरं. गाडीच्या सावलीत, चाकाला पाठ लावून आम्ही बसलो. सावली हातभर होती, मग वीतभर झाली. वारा बंद. मला पहिल्यांदा कळलं की एवढ्या मोकळ्या जागेत माणूस पेटीत ठेवल्यासारखा कोंडतो.

मी चिडलो होतो. “ब्रेक कशाला मारलात? तुम्हीच सांगता ना, वाळूत मारायचा नाही.”

ते हसायला लागले. गमतीने नाही, समाधानाने. “बीएस्सी, पाय आपसूक गेला. म्या सांगितला न्हाय त्येला.” आणि पुन्हा म्हणाले, “आपसूक गेला.”

मग दुपार कशी काढायची म्हणून की काय, त्यांनी उटीची गोष्ट सांगितली. घाटाचा चढ होता. गाडीत ऊस भरलेला. मागे शांताबाई चालत होत्या, हातात उटीचा दगड. एक बैल बुजला, गाडी मागे सरली. शांताबाईंनी दगड लावला, पण हात काढायला उशीर झाला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. “म्या वर बसलो व्हतो. खाली उतरलो असतो तर उटी म्या लावली असती. पर हाकायचं माझं, लावायचं तिचं, असंच चालत आल्यालं.” ते वाळू मुठीत घेत होते आणि सोडत होते. “तीन बोटांनी तोडती ती आता. टोळीत कुणापरीस मागं न्हाय. मुकादम म्हणतो, बाई लय कामाची.”

मी टाकीतून पाण्याचा डबा भरून त्यांच्यापुढे केला.

चार वाजता फारूकसाहेबांची गाडी दिसली. सातव्या, आठव्या, नवव्या हौदात पाणी पोचलं नव्हतं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. “जलाल, तुम भी?” एवढंच म्हणाले. ते बोलणं आप्पांना लागलं, मला दिसलं. तरी रात्रीच्या जेवणाला त्यांनी स्वतःहून कांदा फोडला, जो ते सणालाच फोडायचे.

जूनमध्ये आठव्यांदा टेस्ट होती. मी सुट्टी काढून बरोबर गेलो. टेस्टच्या मैदानाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो. गाडी गेली, दिसेनाशी झाली, परत आली. आप्पा उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, गेली. ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “त्या पोलिसानं ब्रेकला हात न्हाय लावला. पाय न्हाय लावला म्हंजी. एकदा बी न्हाय.” मग कागद पुढे केला. “वाच.” अरबी मलाही येत नाही, पण शिक्का वेगळा होता. दुपारी चकचकीत कार्ड हातात आलं. फोटोत आप्पा दचकल्यासारखे दिसत होते.

प्रभाताईंनी नोकरीचे कागद तयार ठेवले होते; फक्त जुन्या कंपनीची सोडचिठ्ठी, म्हणजे ‘रिलीज’, हवी होती. आप्पांचा राजीनामा मी लिहिला, चांगल्या इंग्रजीत, दोन मसुदे करून. फारूकसाहेबांनी तो वाचला, घडी घातली, चहा मागवला.

“जलाल, रिलीज कंपनी नहीं देगी. छोडके जाएगा तो बॅन. सीधा इंडिया.”

“मग?”

“इधर रहो. ड्रायव्हर का पोस्ट, ड्रायव्हर का सॅलरी. इन्शाल्ला, आज से. लेकिन पाच साल का पेपर साइन करो. इधर, रिझर्व्ह में. जलाल के बिना वाळू में कौन जाएगा?” ‘वाळू’ हा मराठी शब्द ते आप्पांकडूनच शिकले होते.

मी आप्पांना बाजूला नेलं. म्हटलं, घाई करू नका. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. बॅन संपला की पुन्हा येता येईल, प्रभाताई थांबतील. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

“बॅन किती दिसांचा?”

“सहा महिने, वर्ष. पक्कं सांगता येत नाही.”

“म्हंजी यंदाचा दसरा गेला.”

“हो, पण...”

“आन् सही केली तर?”

मी बोटांवर मोजलं. दसऱ्याला चार महिने होते. त्यांनी मला पेन मागितलं. चौथी शिकलेल्या माणसाची सही, एकेक अक्षर सुटं, ‘जालिंदर’ पूर्ण लिहून झाल्यावर त्यांनी आडनाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आणि जागा उरली म्हणून गावाचंही लिहिलं. फारूकसाहेब हसले नाहीत. पेन मला परत करताना आप्पा म्हणाले, “तुझ्या इंग्रजीला नावं न्हाय ठेवत, बीएस्सी. पत्र चांगलं व्हतं.”

प्रभाताईंना मी फोनवर सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “पाच वर्षं? त्या वाळूत?” आणि मग, “त्यांना म्हणावं, गाडी घेऊन रोल्लात आले की जेवायला यायचं. न विचारता.”

आता महिन्यातून एकदा चारा आणायला ते शहरात यायचे, स्वतः गाडी चालवत. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. तेवढंच. बाकीचे दिवस ते नऊ हौद, तो मुकादम, ती पत्र्याची केबिन. मी दोन हजार साली ते काम सोडलं आणि शारजात एका रोपवाटिकेत लागलो, पदवीला शोभेल अशा जागी. आप्पा त्यानंतर मला तीन-चारदाच भेटले.

मला आठवते ती शेवटची भेट त्याच वर्षीची, दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. चाऱ्याचे गठ्ठे भरून झाले होते. रोल्लात फोनच्या काचेच्या खोक्यात ते उभे होते, मी बाहेर, त्यांचं कार्ड संपलं तर द्यायला दुसरं कार्ड हातात धरून. गावातल्या किराणा दुकानात फोन लावला होता, तिथे शांताबाईंना बोलावून आणलं होतं. आप्पा नुसते ऐकत होते, मधूनमधून मान हलवत, जणू शांताबाईंना ते दिसत होतं. एकदा त्यांनी काचेला तळवा लावला आणि तसाच ठेवला. मागे दोन माणसं रांगेत होती, ती घड्याळाकडे बघत होती. आप्पांनी फोन ठेवला, बाहेर आले.

“काय म्हणाल्या?”

“काल टोळी गेली. ही ओट्यावर उभी राहून बघत व्हती म्हणे. समदी गाडीतनं हात करत व्हती.” मग म्हणाले, “बरं वाटलं का, म्हणून इचारलं. म्हणली, करमत न्हाय.”

त्यांना पाचपर्यंत परत पोचायचं होतं. गाडीत बसले, आरसा नीट केला, मला हात केला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. चौकातून वळून ते वाळूकडे गेले. त्यांची तिथली पावणेतीन वर्षं अजून बाकी होती.

आप्पांची सही झाली त्या सालापासून शांताबाईंनी पुढे ऊस तोडला नाही.